ऑइल बदलायचे कधी? किलोमीटर पाहून की तास पाहून?

संध्याकाळी सुपेल्यात जी. ई. रोडच्या कडेला उभे राहिले, की भिलाईतली सगळी वाहने नजरेखालून जातात. कारखान्यातून परतणाऱ्यांच्या मोटारसायकली, भाजीबाजाराला निघालेल्या गृहिणींच्या स्कूटर, दुर्गच्या सवाऱ्या भरणाऱ्या ऑटोरिक्षा आणि नागपूर-रायपूर मार्गावरचे मालट्रक. यांपैकी कोणत्याही वाहनाच्या मालकाला इंजिन ऑइल कधी बदलता असे विचारले, तर उत्तर किलोमीटरमध्येच येते. हे माप चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मोटारसायकलच्या इंजिनात मावते जेमतेम लिटरभर ऑइल. त्याची हेळसांड होऊन पिस्टन जाम झाला, तर नवा पिस्टन, रिंगा, बोअरिंग आणि मजुरी यांत घरातला महिन्याचा किराणा सहज जातो. शिवाय वाहन गॅरेजात असेपर्यंत ड्यूटी आणि मुलांची शाळा यांचा खोळंबा होतो, तो वेगळाच.

बोटीचा धडा

किलोमीटरचे माप कुठे कमी पडते, हे मोटारबोटीकडे पाहिले की चटकन कळते. धमतरीजवळच्या गंगरेल धरणात फिरणारी बोट असो की वेगासाठी बांधलेली परदेशी स्पीडबोट, पाण्यावर किलोमीटरचे दगड नसतात. तिथे इंजिन किती तास चालले याची नोंद ठेवतात. सर्वसाधारण बोटीच्या इंजिनाचे ऑइल सुमारे १०० तासांनी, आणि तास कमी भरले तरी वर्षातून एकदा बदलावे, असा प्रघात आहे. अतिवेगवान बोटींचे ऑइल निम्म्या किंवा त्याहूनही कमी तासांत बदलले जाते.

एवढी घाई का? मोटारीने एकदा वेग घेतला की तो टिकवायला थोडीच ताकद लागते. उतारावर तर इंजिनाला विश्रांतीच मिळते. बोटीला उतार नसतो. पाणी सतत अडवत असते, त्यामुळे तिचे इंजिन जणू सारा वेळ घाटच चढत असते. वेगवान बोटीत पेट्रोलही जास्त लागते. त्यातले न जळलेले थोडे पेट्रोल खाली झिरपून ऑइल पातळ करते.

आता हेच गणित रस्त्यावर करून पाहावे. ताशी सरासरी २५ किलोमीटरने चालणारी मोटारसायकल ३,००० किलोमीटर धावली, म्हणजे तिचे इंजिन १२० तास चालले. हा हिशेब बोटीच्या हिशेबाच्या जवळच येतो. मोटारीचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर जायला सुमारे १६७ तास लागतात. तेच अंतर बाजाराच्या गर्दीत ताशी २० ने कापले, तर इंजिन ५०० तास चालते. मीटरवरचा आकडा एकच, पण ऑइलने केलेले काम तिप्पट! चौकात सवाऱ्यांची वाट पाहत इंजिन चालू ठेवणाऱ्या ऑटोचे ते तास तर मीटर मोजतच नाही.

पोलाद कारखान्याच्या गावाला ही रीत परकी वाटू नये. मोठी यंत्रे किती तास चालली हे पाहूनच त्यांची देखभाल ठरते. कित्येक ठिकाणी तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून मगच ते बदलायचे की नाही, याचा निर्णय होतो.

जवळचा प्रवास, इंजिनाला त्रास

घर ते बाजार आणि बाजार ते शाळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या इंजिनाला सुखाच्या वाटतात, असा समज आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा काही अंश ऑइलमध्ये उतरतो. इंजिन चांगले तापले तर ही वाफ उडून जाते. दोन किलोमीटरमध्ये ते पुरेसे तापत नाही, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी. पाणी साठत जाते आणि ऑइलची वंगणशक्ती घटते. झाकणाच्या आतून दुधी, चिकट थर दिसला तर तो याचाच पुरावा समजावा. जोडीला उन्हाळ्याचा ताप आणि रस्त्यावरची धूळ असतेच. एअर फिल्टर तुंबलेला किंवा फाटलेला असेल, तर बारीक धूळ आत जाऊन ऑइलचा सँडपेपर करून टाकते.

म्हणून वाहनाबरोबर मिळालेली पुस्तिका शेवटपर्यंत वाचावी. दुचाकीसाठी साधारण ३,००० ते ६,००० किलोमीटर आणि अनेक पेट्रोल मोटारींसाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, असे आकडे त्यांत आढळतात. पण बऱ्याच पुस्तिकांत धूळ, गर्दी आणि जवळच्या फेऱ्या यांसाठी आणखी कमी अंतर वेगळे दिलेले असते. सुपेल्यातल्या बहुतेक वाहनांना हाच दुसरा आकडा लागू पडतो.

जुनी सवय

ऑइलकडे दुर्लक्ष होण्यामागे एक जुनी सवयही आहे. बजाजच्या जुन्या स्कूटर आणि लुना या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि ते धुरावाटे निघून जायचे. इंजिन ऑइल बदलण्याचा प्रश्नच नव्हता. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली. पेट्रोल भरा आणि निश्चिंत व्हा, अशा आशयाची तिची जाहिरात गाजली. लोकांनी पेट्रोलबरोबर ऑइललाही विसरायचे ठरवले! फोर-स्ट्रोक इंजिनात तेच ते ऑइल पुन्हा पुन्हा फिरते, हे अजूनही काही घरांत ध्यानात आलेले नाही.

नुसत्या रंगावर मात्र जाऊ नये. चांगले ऑइल काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवते, म्हणून काळे पडते. डिझेल इंजिनात तर ते थोड्याच दिवसांत काळे होते.

उभ्या वाहनाची काळजी

गाडी वापरलीच नाही तर ऑइल नवे राहते, हाही गैरसमजच. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. बोटीचे इंजिन असे बराच काळ बंद राहणार असेल, तर ऑइल बंदीपूर्वीच बदललेले बरे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ले आणि ओलावा असतो, आणि महिनोन्‌महिने तसेच राहिल्यास ते बेअरिंगला खाते. लांबच्या मुक्कामाला जाताना स्कूटर दोन-तीन महिने बंद ठेवायची असेल, तर हेच धोरण ठेवावे.

एवढे जरूर करावे

ऑइल बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहून ठेवावा. महिन्यातून एकदा वाहन सपाट जागी सरळ उभे करून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ऑइलची पातळी पाहावी. इंजिन कोमट असताना जुने ऑइल काढावे, म्हणजे गाळही निघून येतो. ग्रेड पुस्तिकेतलीच घ्यावी. मोटारीसाठीचे ऑइल मोटारसायकलमध्ये घातले तर क्लच घसरण्याचा धोका असतो. मोटारसायकलसाठी ‘जासो एमए’ आणि गिअर नसलेल्या स्कूटरसाठी ‘जासो एमबी’ अशी खूण डब्यावर पाहावी. डबा आपल्यासमोर फोडायला सांगावा, आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडावे, म्हणजे कोणी त्यात बनावट ऑइल भरून विकणार नाही.

काढलेले ऑइल नालीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा ठरतो. ते गॅरेजातल्या पिंपात जमा होऊन अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गेले पाहिजे.

दर वेळी यासाठी काही रुपये आणि अर्धा तास जातो. पण त्या बदल्यात सकाळी पहिल्याच किकला सुरू होणारी गाडी कामाला जाणाऱ्याला वेळेवर फाटकापर्यंत पोचवते, आणि इंजिन उघडण्याचा खर्च कित्येक वर्षे लांबणीवर पडतो.