सायकल चोरीस जाण्यापूर्वी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सकाळी थोडा वेळ उभे राहावे, म्हणजे सायकलीचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. अरुंद बोळांतून दूधवाला जातो, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा जातो आणि हॅंडलला डबा अडकवून यंत्रमागाकडे निघालेला कामगारही जातो. ज्या वाहनाला आपण साधे म्हणतो, त्यावर कित्येक घरांची भाकरी अवलंबून असते. म्हणूनच सायकलीची चोरी ही क्षुल्लक चोरी आहे, असे मला कधीच वाटले नाही.

मी मुख्याध्यापक असताना घडलेली एक गोष्ट सांगतो. याच पेठेतील एक मुलगा एके दिवशी वडिलांची सायकल घेऊन शाळेत आला. घाईघाईत तो कुलूप लावावयास विसरला. मधल्या सुटीत पाहतो, तो सायकल जागेवर नाही! वडील यंत्रमागावर कामाला होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नशिबी पहाटेची पायपीट आली. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदारांनी विचारले, "सायकलीचा क्रमांक काय?" मुलगा म्हणाला, "काळी आहे, मोठी आहे." ठाण्याच्या आवारात तशा पाच-सहा सायकली उभ्या होत्या. आपली वस्तू आपलीच आहे, हे सिद्ध करण्यास त्या मुलाजवळ एकही पुरावा नव्हता.

इकडे वर्गात निराळेच घडत होते. आदल्या दिवशी ज्या गरीब मुलाने ती सायकल फिरवावयास मागितली होती, त्याच्याकडे बोटे दाखवली जाऊ लागली. त्याच्याशेजारी कोणी बसेना. मीही त्याला बोलावून प्रश्न विचारले. पुढे तीन आठवड्यांनी एक अनोळखी माणूस ती सायकल विकावयास एका दुरुस्तीच्या दुकानात गेला. चौकटीवर आपण स्वतः घातलेला जोड दुकानदाराने ओळखला व पोलिसांना कळवले. त्या कामाची नोंद त्याच्या वहीत होतीच. सायकल परत आली. पण त्या निरपराध मुलाचे तीन आठवडे कोण परत देणार? मी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. तेवढ्याने भरपाई झाली, असे मला आजही वाटत नाही.

या प्रसंगावरून माझे मत पक्के झाले, की सायकल परत मिळवण्याचे काम ती चोरीस जाण्यापूर्वीच सुरू झाले पाहिजे. बहुतेक सायकलींच्या चौकटीवर कारखान्याने एक क्रमांक ठोकलेला असतो. तो शोधून वहीत लिहून ठेवावा. खरेदीची पावती व सायकलीचे छायाचित्र जपावे. सहज पुसली जाणार नाही अशी एखादी खूण करावी. नुसते चाकाला कुलूप लावले, तर चोर अख्खी सायकल उचलून नेतो. म्हणून चाक व चौकट यांतून साखळी घालून ती पक्क्या खांबास बांधावी. सिद्धेश्वराच्या गड्ड्यासारख्या गर्दीत तर राखणदार असलेल्या तळावरच सायकल ठेवावी व पावती सांभाळावी.

"जुन्या सायकलीसाठी पोलिसांकडे कशाला जायचे?" असे पुष्कळजण म्हणतात. परंतु तक्रारच नसेल, तर सापडलेली सायकल कोणाच्या घरी पोहोचवावी? म्हणून तक्रार त्वरित द्यावी, तिची प्रत घ्यावी आणि आसपासच्या दुरुस्तीवाल्यांनाही खुणा सांगाव्यात.

पूर्वी पुण्यासारख्या शहरांत नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि क्रमांकाचा बिल्ला देत. कर गेला, बिल्लाही गेला. जपानमध्ये मात्र १९९४ पासून सायकलीची नोंद करणे कायद्याने आवश्यक आहे. आपल्याकडे प्रत्येक शाळेने विद्यार्थ्यांच्या सायकलींची एक नोंदवही ठेवली, तर खर्च एका वहीचा आणि लाभ सर्वांचा होईल.

आणखी एक गोष्ट. पावतीवाचून स्वस्तात मिळणारी सायकल घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल, तर चोर चोरी करील कशाला? चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हाच आहे.

१९४८ साली इटलीत व्हित्तोरियो दे सिका यांनी 'बायसिकल थीव्ज' हा चित्रपट काढला. त्यातील बेकार बाप घरातील चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणतो, कारण तिच्याशिवाय नोकरी नाही. ती चोरीस जाते. अखेर हताश होऊन तो स्वतःच दुसऱ्याची सायकल पळवू लागतो आणि मुलादेखत पकडला जातो. एक चोरी कशी दुसरीला जन्म देते पाहा! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू प्रथमच चोरून ती परत करणाऱ्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. माणसाला सुधारण्याची संधी मिळावी, हे मला योग्य वाटते.

मुलांनो, आज घरी गेल्यावर आपल्या सायकलीचा क्रमांक शोधून लिहून ठेवा. कुलूप सायकलीचे रक्षण करील. पण पुराव्यावाचून कोणावर संशय घ्यायचा नाही, हा नियम तुमच्या मित्राचे रक्षण करील. या दोहोंत दुसरे रक्षण अधिक मोलाचे आहे.