घासणारीला विचारा

दिवाळीच्या आधी माळा उतरवायचा, भांडी घासून-पुसून लख्ख करायची आणि पुन्हा वर चढवायची, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. वर्षातून एकदा खाली येणारी आणि दोन दिवसांत परत वर जाणारी ही भांडी ठेवायची तरी कशाला, असे आता अनेक घरांत उघड विचारले जाऊ लागले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण ते विचारताना आई-आजीला अडगळ जमवणाऱ्या ठरवणे हा अन्याय होईल. मराठी स्वयंपाकघर भरत गेले ते हौसेने कमी आणि धास्तीने जास्त. ही धास्ती कुठून आली ते कळल्याशिवाय काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे नीट ठरणार नाही.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरांमध्ये चुली सापडल्या, धान्याची पेवे सापडली, कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे आणि मोठाले रांजण सापडले. म्हणजे या मुलखातले स्वयंपाकघर, आपल्याला माहीत आहे तेव्हापासून, शिजवण्याइतकेच साठवण्याचे घर आहे. इनामगावच्या शेवटच्या टप्प्यात पाऊसमान घटले, ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. दख्खनच्या पठारावर माणसाचे घर किती मोठे असावे, हे पावसाने ठरवल्याचा हा फार जुना दाखला आहे.

पुढे हजारो वर्षे पाऊस तसाच लहरी राहिला. म्हणून बेगमी आली. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे, लोणची. चार महिने पुरेल इतके सरपण. धान्याला कडुनिंबाचा पाला, डाळींना एरंडेल. गावाकडच्या घरात कोपऱ्यात उतरंड असे. खाली मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. एकात डाळ, एकात पुढच्या पेरणीचे बी, आणि एखाद्याच्या तळाशी घरधनिणीने बाजूला टाकलेले चार पैसे. भिंतीला फडताळ, आढ्याला शिंके, मापायला चिपटे, मापटे, शेर, पायली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. या घरात वस्तू पुष्कळ होत्या, पण बिनकामाची एकही नव्हती. ज्यांना ते स्वयंपाकघर साधे वाटते त्यांनी त्यातले कष्टही मोजावेत. पहाटेचे जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा आणि विहिरीवरून आणलेले पाणी हे सगळे त्या साधेपणाच्या खात्यावर मांडले पाहिजे.

शहरात आल्यावरही धास्ती सुटली नाही. मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि मध्यमवर्गाच्या घरात पहिल्यांदाच धान्य मोजून येऊ लागले. नंतर अमेरिकेचा गहू आला, 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारी आली, सुकडी आली. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि बायका लाटणी-थाळ्या घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या. ज्या बाईने तेव्हा रॉकेलसाठी रांगेत उभे राहून दिवस काढले, तिने पुढे साखरेचे दोन डबे जास्त ठेवले तर तिला नावे ठेवू नयेत. गॅसचेही तेच. पन्नाशीच्या दशकात मुंबईत सिलिंडर आला खरा, पण पुढची कित्येक वर्षे ‘नंबर लागणे’ हा घरातला मोठा प्रसंग असे. सिलिंडर एकच, तो कधी संपेल याचा नेम नाही, म्हणून वातींचा स्टोव्ह आणि शेगडी कुणी टाकून दिली नाही.

भांड्यांची संख्या मात्र स्टीलने वाढवली. याआधीचे तांबे-पितळ जड होते, महाग होते आणि सतत काम मागणारे होते. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की आमटी कळकते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. मग कल्हईवाला दारात भाता लावून बसे, भांडे तापवी, नवसागर टाकी, कथील फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात आतली बाजू चंदेरी करी. बाहेरून घासायला चिंच आणि राख होतीच. इतकी उस्तवार असताना कोण पन्नास पातेली ठेवील? परवडतील तेवढी आणि लागतील तेवढीच भांडी घरात राहत. गरिबाघरी जर्मनची दोन पातेली असत, तीही पोचे आलेली. स्टीलने कल्हईची कटकट संपवली, आणि हा बायकांवरचा फार मोठा उपकार आहे, तो कमी लेखू नये. पण त्याबरोबर भांडे घेण्यावरचा लगामही सुटला. बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा देऊ लागली. लग्न, मुंज, बारसे, वास्तुशांत, प्रत्येक निमित्ताने आहेरात स्टील येऊ लागले.

आणि त्यावर नाव घातलेले असे. भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात बसलेला माणूस यंत्राची बारीक सुई टरटर फिरवत ताटाच्या कडेवर अक्षरे कोरत जाई: ‘सप्रेम भेट’, देणाऱ्याचे नाव, तारीख. कोणतेही कपाट उघडा, अशी चार-दोन ताटे निघतीलच. देणारा माणूस आज हयात नसेल, अक्षरे घासून पुसट झाली असतील, तरी ते ताट भंगारात टाकायला हात धजत नाही. इथे वस्तूची अडचण नाही, नात्याची आहे. म्हणूनच ‘वर्षभर वापरले नाही ते काढा’ असले परकीय नियम आपल्या स्वयंपाकघरात येऊन थिजतात. जपानच्या मारी कोंडो यांनी हातात घेतलेली वस्तू आनंद देते का, असे स्वतःला विचारायला सांगितले. हे कपड्यांना लागू पडते. आहेरातल्या ताटाला ते विचारून मात्र काही उलगडत नाही.

कमी भांड्यांत काय होते याचे उत्तर आपल्याच गिरणगावाने दिले आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. परळ-लालबागच्या अशाच चिमुकल्या खोल्यांत खानावळवाल्या बायका गावाकडून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालत. पाळीप्रमाणे माणसे येत, त्यामुळे चूल जवळपास दिवसभर पेटलेली. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचवले, तेव्हा या बायकांचे काम जगासमोर आले. त्यांच्याकडे मोठे पातेले, परात, तवा, कढई आणि डबे यांपलीकडे फार काही नव्हते. त्यांची ही काटकसर सक्तीची होती, तिचे गोडवे गाऊ नयेत. पण उत्तम स्वयंपाकाला फार भांडी लागत नाहीत, एवढे त्यावरून निःसंशय म्हणता येते.

आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याची एक मोठी सुरुवात 1926 मध्ये जर्मनीत झाली. फ्रँकफर्ट शहराच्या गृहयोजनेसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर आखले. बाईला किती पावले टाकावी लागतात, किती वेळा वाकावे लागते, याचा विचार आधी आणि कपाटे नंतर. पिठाला, तांदळाला, साखरेला एकेक लहान खण. आपण त्यातून ट्रॉल्या आणि कपाटे घेतली, पावले मोजायची मात्र राहून गेली. कपाटे वाढली तशी ती भरली. वरच्या कप्प्यात आहेर, खालच्यात हॉटेलातून आलेल्या जेवणाचे काळे प्लास्टिकचे डबे, श्रीखंडाचे डबे, झाकणे हरवलेल्या बाटल्या, सिंकखाली जागा अडवून बसलेला पाटा.

या सगळ्याचा भार कुणावर पडतो? केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत, घरचे बिनपगारी काम करणारी बाई त्यात दिवसाला 299 मिनिटे घालवते आणि पुरुष 97, असे आढळले. त्यातही असे काम करणारे पुरुष शंभरात 26, बायका 81. हे काम घरची बाई करत नसेल तेव्हा दुसऱ्या घरची बाई येऊन करते. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तेव्हा शहराला पहिल्यांदा या कामाची किंमत कळली. म्हणून पसारा आवरताना एकच कसोटी लावावी असे मला वाटते: हे भांडे घासते कोण, उचलते कोण, पुसून जागेवर ठेवते कोण? ज्याचे हात त्यात नाहीत त्याने ‘राहू दे, लागेल कधीतरी’ म्हणू नये, आणि ‘टाकून दे सगळे’ असेही म्हणू नये. सासूबाईंचे पितळी घंगाळ ठेवायचे की नाही हे मुलाने सुट्टीत येऊन ठरवू नये. ज्या मावशी रोज भांडी घासतात त्यांना विचारले तर कोणते पातेले बुडाला जड आहे, कोणता डबा हाताला कापतो, कोणत्या झाकणात घाण अडकते, हे त्या चटकन सांगतील.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना मोड म्हणून दर मिळतो. त्यातली वापरातली चार कल्हई करून ठेवावीत, बाकीची द्यावीत. नाव घातलेल्या ताटांपैकी एक ठेवले तरी देणाऱ्याची आठवण राहते.

उरतात ती मोठी भांडी: पन्नास माणसांचा भात होईल असे पातेले, दोन-तीन पराती, मोठा झारा. वर्षातून एकदा लागणारी ही भांडी प्रत्येक घराने माळ्यावर का ठेवावीत? अनेक गावांत देवळाकडे किंवा बचत गटाकडे गावकीची भांडी असतात. वर्गणीतून घेतलेली, वहीत नोंद करून लग्नकार्याला नेली जातात आणि मोजून परत येतात. शहरातल्या गृहनिर्माण संस्थांनी क्लब हाउसच्या एका खोलीत असाच संच ठेवायला काय हरकत आहे? शंभर घरांचे शंभर माळे त्यातून मोकळे होतील. त्याची पहिली वही या दिवाळीआधीच्या सर्वसाधारण सभेत उघडता येईल.