वीज गेली, कारण कुठे गेले?



कपाशीला बोंडे धरली आहेत, ज्वारी पोटरीत आहे आणि विहिरीत जेमतेम दोन तासांचे पाणी आहे. नेमके त्या दोन तासांत वीज नसली, तर वर्षाची मेहनत मातीमोल होते. नामपूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वीज का गेली असे विचारले की एकच उत्तर मिळते, 'वरून बंद आहे.' हे 'वर' म्हणजे कोठे, ते आपण एकदा समजून घेऊ.

वर म्हणजे वीज तयार होते तेथे. आपल्या राज्यातले तारापूर घ्या. देशातले पहिले अणुवीज केंद्र तेथे 1969 साली सुरू झाले. त्या दोन जुन्या भट्ट्यांत इंधन बदलायचे तर भट्टी थांबवावीच लागते. 2005 आणि 2006 साली सुरू झालेल्या 540 मेगावॅटच्या दोन भट्ट्यांत इंधन चालू असतानाच बदलता येते. पण तपासणीसाठी त्याही थांबवाव्या लागतात. हा ठरवून केलेला बंद. तोही कधी लांबतो. जुन्या दोन भट्ट्या 2020 साली थांबल्या आणि त्यांच्या पाइपांचे काम वर्षानुवर्षे चालले.

दुसरा बंद न सांगता येतो. पंप बिघडतो, नळी गळते, तारांच्या जाळ्यात गोंधळ होतो, आणि भट्टी आपोआप बंद होते. 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटून आग लागली. कामगारांनी भट्टी तत्काळ बंद केली म्हणून मोठे संकट टळले. शिवाय बंद पडलेली भट्टी बटण दाबले की चालू होते असे नाही. तीत झेनॉन साचतो. तो ओसरेपर्यंत दिवस-दीड दिवस थांबावे लागू शकते. तिसरे कारण इंधनाचे. 2007-08 च्या सुमारास युरेनियमच्या टंचाईने देशातल्या अनेक भट्ट्या कमी क्षमतेने चालवाव्या लागल्या.

म्हणजे यंत्र थांबणे हा गुन्हा नाही. कित्येकदा थांबणे हेच शहाणपण असते. पण भट्टी थांबली की कारण लिहावे लागते, आणि मोठ्या बिघाडाचा जाब अणुऊर्जा नियामक मंडळाला द्यावा लागतो. आपल्या गावची डीपी जळाली, तर तिचे कारण कोण लिहितो?

तारापूरच्या चारही भट्ट्यांची क्षमता मिळून 1400 मेगावॅट. ती वीजही एकट्या महाराष्ट्राची नाही. तेव्हा तेथे भट्टी थांबली म्हणून आपली डीपी आठ-आठ दिवस बंद राहत नाही. तो बिघाड वरचा नव्हे, खालचा आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. फीडरची ठरलेली कामे पावसाळ्यात, मोटारी बंद असताना उरका. अचानक वीज गेली तर कारण आणि चालू होण्याची वेळ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. जळालेली डीपी किती मुदतीत बदलायची आणि उशीर झाला तर भरपाई किती, हे राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत लिहिलेले आहे. ते पाळा.

आणि भावांनो, आपणही एक वही घाला. वीज कधी गेली, कधी आली, कारण काय सांगितले, तारखेनिशी लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लिहिलेल्या हिशेबाला उत्तर द्यावे लागते.