चार इंचांचा राक्षस

“विसाव्या वर्षी बाहुल्या रंगवीत बसलास?” ग्वाल्हेरहून परतल्यावर माझ्या नखांतला निळा रंग पाहून एका वर्गमित्राने हा प्रश्न विचारला. तेव्हा मी नुसताच हसलो. उत्तर आज देत आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ग्वाल्हेरला, हजीरा भागात राहणाऱ्या आत्याकडे गेलो होतो. आतेभाऊ माझ्याच वयाचा. दर रविवारी त्याच्याकडे पाच-सहा मित्र जमतात आणि टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक होऊन आपण काय करणार ते बोलतात. वीस बाजूंचा फासा यशापयश ठरवतो. एकच कथा महिनोन्‌महिने चालते. तिला आपल्याकडे ‘मोहीम’ हा नेमका शब्द आहेच.

त्या मोहिमेत आता राक्षस येणार होते आणि त्यांतला एक रंगवण्याचे काम माझ्याकडे आले. या खेळातली माणसाची बाहुली साधारण ३० मिलिमीटरची असते. सहा फुटी माणूस ३० मिलिमीटर, म्हणजे एका फुटाला ५ मिलिमीटर. या हिशेबाने खेळाच्या पुस्तकातला २१ फुटी हिमराक्षस १०५ मिलिमीटरचा, सुमारे चार इंचांचा होतो. एवढ्याशा वस्तूला काय लागते, असे मला वाटले. मी एका दुपारी निळा रंग जाडसर थापून मोकळा झालो. राक्षस हुबेहूब जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा दिसू लागला!

आतेभाऊ रागावला नाही. “चल, फिरून येऊ,” एवढेच म्हणाला. हजीऱ्यातच मुहम्मद गौस यांचा मकबरा आहे. त्याच्या शेजारी तानसेनची लहानशी, चहूबाजूंनी मोकळी कबर. आजवर मी मोठ्या इमारतीचा आकार पाहून पुढे जात असे. त्याने मला तिच्या दगडी जाळ्यांपाशी उभे केले. जवळून पाहावे तो एवढ्या भिंती तळहाताएवढ्या नक्षीच्या तुकड्यांनी भरलेल्या. दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या कड्यात १५ व्या शतकात, तोमर राजांच्या काळी कोरलेल्या जैन मूर्ती पाहिल्या. सर्वांत उंच मूर्ती सुमारे ५७ फुटांची. आमच्या मापाने ती टेबलावर मांडली तर २८५ मिलिमीटर भरेल. तिच्या पायांशी उभी असलेली माणसे दिसली, तेव्हाच तिची उंची मला खरोखर कळली. “मोठेपण दाखवायला शेजारी लहान काहीतरी लागतं, यार,” आतेभाऊ म्हणाला.

घरी येऊन रंग खरवडला आणि पुन्हा आरंभ केला. आधी काळा अस्तर-रंग. त्यावर पातळ निळ्याचे तीन हात. मग पाण्यासारखा गडद रंग, जो सुरकुत्यांत आपोआप उतरून बसतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग नुसता कडांवरून फिरवायचा. लहान बाहुलीचे दोष लपतात. राक्षसाच्या रुंद पाठीवर कुंचल्याचा प्रत्येक फराटा दिसतो. म्हणून कोपरे-गुडघे जांभळट, बोटांची टोके तांबूस, पट्ट्यावरचे खिळे एकेक वेगळे. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात रंग कुंचल्यावरच वाळतो, त्यासाठी ओल्या फडक्यावर बटर पेपर पसरून त्यावर रंग कालवायचा. या सगळ्यात अकरा दिवस गेले.

रविवारी तो राक्षस पाऊण तासात मारला गेला.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, दारातून पाहत होते. “अकरा दिवस घातलेस. मिळालं काय?” त्यांनी विचारले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. प्रश्न बिनतोड होता. पाऊण तासात शंभर टक्के घसारा! पण हिशेब पुन्हा तपासताना जमेची एक बाजू राहून गेल्याचे लक्षात आले. राक्षस टेबलावर ठेवताच सगळे गप्प झाले होते. एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उठून म्हणाला, “तुम्ही पळा, मी याला अडवतो.” विकतच्या खेळण्यासमोर तो उठला असता, असे मला वाटत नाही.

आपल्या बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली किल्ले होतात. तेही काही दिवसांत मोडतात. म्हणून कोणी त्यांना वाया गेलेले म्हणत नाही. दहावीच्या वर्षी ‘वेळ नाही’ म्हणून मी किल्ला सोडला. पुढे धाकट्या भावाला तयार किल्ला विकत आणून दिला. त्याने तो एकदा पाहिला आणि पुन्हा त्याकडे फिरकला नाही. माती कालवणे, मावळा दरवाजापेक्षा उंच होऊ नये याची काळजी घेणे, हे सारे मी त्याच्यापासून हिरावून घेतले, हे मला हजीऱ्यात राक्षस रंगवताना उमगले.

म्हणून प्राध्यापक महोदयांना विनंती आहे. जिमखान्यात कॅरमशेजारी एक टेबल आम्हांला द्यावे. रंग-कुंचल्यांचा खर्च आम्ही वर्गणीतून करू. म्हैसूरकडे दसऱ्याला बाहुल्या मांडतात, ती ‘गोंबे हब्ब’ कन्नड विभागातील मित्रांना ठाऊक आहे. त्यांनी कथा कन्नडमध्ये सांगावी, आम्ही मराठीत उत्तर द्यावे. या अंकाचे दोन विभाग एकाच बांधणीत असूनही आपण एकमेकांची पाने सहसा उलटत नाही. टेबलावर मात्र दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय आपली पाळी येत नाही.

आणि त्या वर्गमित्राला आग्रहाचे निमंत्रण. त्याच्यासाठी एक राक्षस मी न रंगवता ठेवला आहे.