सुंदरी, आणि कंपनीच्या पेटीतली नाटकं

गुजराती नाटक म्हटलं की आपल्याकडे पटकन नाक मुरडलं जातं. "नवरा-बायकोच्या भांडणाचे फार्स" असा शेरा मारून मंडळी मोकळी होतात. बालगंधर्वांचं नाव घेताना मात्र हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. त्यांच्याच काळात, याच मुंबईत, जयशंकर 'सुंदरी' स्त्रीभूमिकांमध्ये गाजत होते, हे कितीजणांना ठाऊक आहे?

बालगंधर्व १८८८ चे, तर हे १८८९ चे. आडनाव भोजक. १९०१ मध्ये 'सौभाग्य सुंदरी' नाटकात या बारा वर्षांच्या मुलानं नायिका केली आणि पात्राचं नाव जन्मभर त्यांना चिकटलं. पुढे बापूलाल नायक आणि सुंदरी ही जोडी बघायला लोक लोटत. १९७१ मध्ये पद्मभूषणही मिळालं.

नायक, भोजक ही आडनावं भवाईवाल्यांची. भवाई म्हणजे गुजरातचं लोकनाट्य, आपल्या तमाशाच्या नात्यातलं. शिकलेल्यांना ते ओंगळ वाटे. त्या नाराजीतूनच रणछोडभाई उदयरामांनी सभ्य नाटक लिहायला घेतलं. त्यांचं 'ललितादुःखदर्शक' १८६६ चं. आणि गंमत अशी, की पुढे या सभ्य रंगभूमीला कसलेले नट मिळाले ते भवाईच्याच घरांतून!

डाह्याभाई धोळशाजींचा देशी नाटक समाज १८८९ चा. काळबादेवीच्या भांगवाडी थिएटरात त्यानं वर्षानुवर्षं मुक्काम ठोकला. प्रभुलाल द्विवेदींचं 'वडीलोना वांके' १९३८ चं, म्हणजे बोलपट आल्यानंतरचं. तरीही तुफान चाललं.

मग या वैभवाचं उरलं काय? दुसरी कंपनी नाटक चोरेल या धास्तीनं मालक संहिता छापतच नसत. प्रेक्षकांना मिळे ती फक्त गाण्यांची पुस्तिका, तिला 'ऑपेरा' म्हणत. आपल्याकडे देवल, खाडिलकर छापले गेले, म्हणून पोरं ते बी.ए.ला वाचू शकली. तिकडे नाटकं पेटीत राहिली आणि वर "यात वाङ्मय नाही" असा ठपका आला. उत्तरपत्रिका न वाचता नापास करण्यातलाच हा प्रकार. मास्तरकी केलेल्या माणसाला तो सहन होत नाही.

असो. सुंदरींचं आत्मचरित्र आहे, 'थोडां आंसु, थोडां फूल'. गुजराती वाचता येत असेल तर जरूर मिळवा. आणि आपल्यापैकी कुणाच्या गुजराती शेजाऱ्याकडे, व्याह्यांकडे माळ्यावर असल्या जुन्या पुस्तिका असतील, तर रद्दीवाला यायच्या आत एकदा विचारून बघा.