कबरींच्या बागेतले हजरत दाऊद

कॅलिफोर्नियात ग्लेंडेल इथे फॉरेस्ट लॉन ही दफनभूमी आहे. तिथे मायकेल अँजेलोच्या ‘डेव्हिड’, ‘मोझेस’ आणि ‘पिएता’ या शिल्पांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. डेव्हिड म्हणजे आपले हजरत दाऊद, मोझेस म्हणजे हजरत मूसा. पैगंबरांचे पुतळे, तेही कबरींच्या शेजारी! माझ्याही कपाळावर आठी पडली.

पण ज्या ह्युबर्ट ईटन यांनी हे पुतळे आणवले, त्यांनीच तिथले उभे थडगेदगड बंद केले. नावाची पाटी जमिनीला सपाट. (श्रीमंतांसाठी आलिशान मुसोलियम मात्र आहेच.) म्हणजे उंच काय, तर फ्लोरेन्सला कधी न जाणाऱ्यालाही पाहता येणारी कला, मेलेल्याचा बडेजाव नव्हे. मूर्तीबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे, तरी नकलेला हसणं मला पटत नाही. खुद्द फ्लोरेन्सच्या चौकातही 1910 पासून डेव्हिडची नक्कलच उभी आहे.

आणि आपण? कच्ची कबर सुन्नत, हे जुम्म्याला ऐकतो आणि अब्बांच्या कबरीला संगमरवरी चौथरा बांधतो. पुतळा नाही ना, मग झालं!

ग्लेंडेलचा डेव्हिड 1971 आणि 1994 च्या भूकंपांत कोसळला. नक्कलच ती, पुन्हा उभी केली.