पडद्यावरची बुरशी आणि घरातली बुरशी

दिवाळीच्या सुट्टीत माझी नात पुण्याहून आली होती. रात्री जेवणे उरकल्यावर तिने मला टीव्हीसमोर बसवले आणि 'द लास्ट ऑफ अस' या अमेरिकी मालिकेचा पहिला भाग दाखवला. एका व्हिडिओ गेमवर बेतलेली ही मालिका १५ जानेवारी २०२३ रोजी एचबीओ वाहिनीवर सुरू झाली. कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांच्या मेंदूचा ताबा घेते, २००३ साली दोन-चार दिवसांत जग कोसळते आणि वीस वर्षांनंतर उरलीसुरली माणसे तटबंदीच्या आड कशीबशी जगत आहेत, असे हे कथानक. भाग संपल्यावर नातीने विचारले, "आजोबा, असं खरंच होऊ शकतं का?"

मी "नाही" म्हणालो आणि झोपायला गेलो. पण झोप लागेना. कारण उत्तर बरोबर असले तरी ते अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर या सदरात लिहितो आहे. ते माझ्या नातीपेक्षा आपल्या तालुक्याला अधिक लागू आहे.

या भागाची सुरुवात मारामारीने होत नाही, गप्पांनी होते. १९६८ सालचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम चालू आहे. दोन साथरोगतज्ज्ञ बसले आहेत. पहिला विषाणूंच्या साथीची भीती सांगतो. दुसरा म्हणतो, मला विषाणूंची नव्हे, बुरशीची भीती वाटते. प्रेक्षक हसतात. मग तो शांतपणे समजावतो की, बुरशीला माणसाच्या शरीराची ऊब सोसत नाही, म्हणून आपण वाचलो आहोत. पण उद्या पृथ्वी थोडी तापली आणि बुरशी त्या उष्णतेला सरावली तर? तेव्हा आपल्याकडे औषध नसेल आणि लसही नसेल. सभागृहात एकदम शांतता पसरते.

वाचकहो, हा प्रसंग काल्पनिक आहे, पण त्यातले शास्त्र बरेचसे खरे आहे. आपले शरीर ३७ अंश सेल्सिअसला असते आणि बहुतेक बुरशींना एवढे तापमान मानवत नाही. लाखाहून अधिक जातींच्या बुरशी शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. त्यांपैकी माणसाला आजारी पाडणाऱ्या काही शेच आहेत. औषधांची गोष्टही खरी. जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा फार वेगळी असते, त्यामुळे त्याला मारणारे औषध आपल्याला फारसे बाधत नाही. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीशी नाते सांगणारी आहे. तिला मारायला जावे तर आपले मूत्रपिंड, यकृत दुखावण्याचा धोका असतो. म्हणून बुरशीवरच्या औषधांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि माणसासाठी मान्यताप्राप्त लस आजही एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथमच धोकादायक बुरशींची यादी केली. तीत १९ नावे आहेत. ही मालिका त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच आली.

आता खोटे काय, ते पाहू. कॉर्डिसेप्सच्या कुळातली एक बुरशी उष्ण प्रदेशातल्या जंगलात मुंग्यांना धरते, हे सत्य आहे. बाधित मुंगी झाडावर चढते, पानाच्या शिरेला जबड्याने घट्ट चावते आणि तिथेच मरते. मग तिच्या मानेतून बुरशीचा देठ उगवतो. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की ही बुरशी मुंगीच्या मेंदूत शिरतच नाही, स्नायूंना वेढते. शिवाय एक जात साधारणपणे एकाच प्रकारच्या मुंगीवर जगते. तिने मुंगीवरून माणसावर उडी मारणे म्हणजे उसावरच्या किडीने उद्या बैलाला पोखरण्यासारखे आहे. याच कुळातली कीडाजडी उत्तराखंडात लोक डोंगरावरून गोळा करतात आणि ती औषध म्हणून सोन्याच्या भावाने विकली जाते. ती खाऊन कोणी पिसाळल्याचे ऐकिवात नाही.

मालिकेत बुरशी पसरते ती पिठातून. पहिल्या भागात हे कोणी उघड सांगत नाही. नायक जोएलच्या घरात सकाळी पॅनकेकचे पीठ संपलेले असते, शेजाऱ्यांकडचे खाणेही तो टाळतो. तिसऱ्या भागात तो स्वतःच हा तर्क बोलून दाखवतो. माझ्या नातीला ही कल्पना फार चतुर वाटली. मला मात्र १९७४ साल आठवले. त्या वर्षी राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत पावसात भिजून बुरशी धरलेला मका लोकांनी खाल्ला. त्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाने यकृत निकामी होऊन शंभरावर माणसे दगावली. त्यात बहुतेक गरीब आदिवासी होते. दुसरे धान्य असते तर त्यांनी तो मका खाल्लाच नसता. हे विष भाजून किंवा शिजवून पुरते जात नाही. तेव्हा खवट, काळपट शेंगदाणे आणि बुरशीचा मका खाऊ नका आणि जनावरांनाही घालू नका, कारण ते विष दुधात उतरते.

माझे म्हणणे एवढेच आहे. मालिकेतली बुरशी दार फोडून आत येते. खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा दार आपणच उघडतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात आपण ते पाहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आला. देशात जुलैपर्यंत ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र आणि गुजरातला त्याचा फटका सर्वाधिक बसला. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतून वणवण फिरले. ही बुरशी नवी नव्हती. ती मातीत, शेणात, कुजक्या पाल्यात पूर्वीपासून आहे. एकापासून दुसऱ्याला तिची लागणही होत नाही. पण वाढलेली रक्तशर्करा आणि त्यावर स्टेरॉइडचा मारा, ही जोडगोळी तिला फावली. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचा एक डोळा त्यात गेला. त्यांना ऑक्सिजनची गरज कधीच पडली नव्हती. शेजाऱ्याच्या चिठ्ठीचा फोटो दाखवून त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या आणल्या आणि बारा दिवस घेतल्या. त्यांना मधुमेह आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. वर्षभर ते रक्तदाबासाठी माझ्याकडे येत होते आणि मी एकदाही त्यांची साखर तपासली नव्हती. ते मला दोष देत नाहीत. मी देतो.

दुसरे दार अजून उघडेच आहे. माझ्या दवाखान्यात रोज चार-पाच जण गजकर्णाचे येतात. परवा एक ऊसतोड कामगार आला. कंबरेपासून मांडीपर्यंत चट्टे पसरलेले. दोन वर्षे दुकानातून ट्यूब आणून लावत होता. लावली की खाज दोन दिवसांत थांबते, सोडली की दुप्पट होते. आता बायकोला आणि दोन्ही मुलांनाही झाले आहे. ट्यूब पाहिली, तर बुरशीचे औषध, जिवाणूचे औषध आणि तीव्र स्टेरॉइड अशी तिहेरी खिचडी. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, म्हणून माणसाला गुण आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारशक्तीच झोपी जाते आणि बुरशी निवांत पसरते. "डॉक्टरसाहेब, गुण तर येत होता," तो म्हणाला. त्याला काय बोलणार? वीस वर्षांपूर्वी असल्या ट्यूब मीही लिहून दिल्या आहेत.

याचे फळ आता जगापुढे आले आहे. २०२० साली गजकर्णाच्या एका बुरशीला 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए' असे नाव मिळाले. त्या नावात आपल्या देशाचे नाव आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण सापडल्याचे जाहीर झाले. स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावाचे एक मोठे कारण तज्ज्ञ मानतात. मालिकेतल्या साथीची पहिली खूण जकार्तातल्या पिठाच्या कारखान्यात सापडते. या खऱ्या गोष्टीची सुरुवात आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात झाली, असे म्हणायला हरकत नाही.

सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर आहे. माझे स्पष्ट मत आहे की ही तिहेरी मलमे बनवण्यावरच बंदी घातली पाहिजे. आणि ती येईपर्यंत आम्ही डॉक्टरांनी ती लिहिणे थांबवले पाहिजे. दुकानदाराला दोष देण्याआधी आम्ही आमची चिठ्ठी पाहावी.

वाचकांनी काय करावे? गजकर्ण झाले तर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी तपासून घ्यावे, नाहीतर एकाचे बरे होते आणि दुसऱ्याकडून परत येते. टॉवेल, अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत, कपडे कडक उन्हात वाळवावेत, ओलसर जीन्स घालू नये. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे पूर्ण करावेत. चाळिशीनंतर वर्षातून एकदा साखर तपासावी. दमा, संधिवात यांसाठी डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मात्र हा लेख वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नये. योग्य जागी ते जीव वाचवते.

नातीला दुसऱ्या दिवशी मी हे सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग आत जाऊन बॅगेतून एक अर्धी वापरलेली ट्यूब घेऊन आली. वसतिगृहातल्या मैत्रिणीने दिली होती म्हणे. ट्यूबवरची बारीक अक्षरे आम्ही दोघांनी मिळून वाचली. तिसरे नाव स्टेरॉइडचे होते.

आज आपल्याही घरातले कपाट उघडून पाहा.